प्रतीकवादी कविता: वाचायची कशी आणि स्वतः लिहून बघायची कशी

शाळेत कवितेखाली एक प्रश्न हमखास असायचा, 'कवीला यातून काय सुचवायचे आहे?' आणि आपण पाठ केलेलं असायचं की दिवा म्हणजे ज्ञान, वादळ म्हणजे संकट, कमळ म्हणजे पावित्र्य. ही सवय इतकी मुरलेली असते की पुढे कधी मालार्मे किंवा व्हर्लेनची कविता हातात आली की आपण लगेच कुलूप-किल्ली करायला बसतो, हंस म्हणजे काय, पंखा म्हणजे काय, आणि दोन कडव्यांत काही हाती लागलं नाही की 'दुर्बोध आहे बुवा' म्हणून पुस्तक मिटतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही कविता अवघड आहे म्हणून आपल्या हातून निसटत नाही, आपण तिला चुकीचा प्रश्न विचारतो म्हणून निसटते. फ्रान्समधल्या या कवींनी प्रतीक ज्या पद्धतीने वापरलं त्यात 'याचा अर्थ ते' अशी जोडी नसतेच मुळी. प्रतीक हे एक वातावरण तयार करण्याचं साधन आहे, आणि ते तयार कसं करायचं याची बऱ्यापैकी स्पष्ट, शिकता येण्यासारखी तंत्रं आहेत. तीच इथे एकेक करून घेतो, आधी वाचण्यासाठी आणि मग लिहिण्यासाठी.

आधी थोडं बॅकग्राउंड, पण जेवढं लागतं तेवढंच

नाव उशिरा पडलं, कविता आधी आली. १८ सप्टेंबर १८८६ ला पॅरिसच्या 'ल फिगारो' या पेपरात जाँ मोरेआस या अथेन्समध्ये जन्मलेल्या कवीने जाहीरनामा छापला आणि 'प्रतीकवाद' हे नाव पक्कं झालं. तेव्हा बोदलेरला जाऊन १९ वर्षं झाली होती आणि रँबो तर कविता कधीच सोडून आफ्रिकेत व्यापार करत होता. म्हणजे ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं त्यातले दोघे त्या गडबडीत नव्हतेच. मोरेआसचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ही कविता उपदेशाची, घोषणाबाज वक्तृत्वाची, खोट्या भावुकतेची आणि वस्तूंच्या कोरड्या वर्णनाची शत्रू आहे, तिला कल्पनेला इंद्रियांना जाणवेल असं रूप द्यायचंय. या चारही शत्रूंची यादी लिहून ठेवा, पुढे स्वतःची कविता तपासताना ती थेट उपयोगी पडते.

हा राग कुठून आला तेही बघायला हवं. त्या काळात फ्रान्समध्ये विज्ञानाचा, मोजमापाचा, 'जे दिसतं तेच खरं' याचा जोर होता, कादंबरीत झोलाचा निसर्गवाद होता (निसर्गप्रेम नव्हे, माणूस आणि समाज आहे तसा, प्रयोगशाळेत तपासावा तसा मांडणं) आणि कवितेत पार्नासियन मंडळी संगमरवरी मूर्तीसारख्या आखीवरेखीव, थंड ओळी कोरत होती. प्रतीकवाद्यांना वाटत होतं की या दिसणाऱ्या जगामागे अजून एक काहीतरी आहे, त्याच्याशी आपला संबंध आहे, पण ते सरळ शब्दांत सांगता येत नाही, फक्त सुचवता येतं. कुणासाठी ते अध्यात्म होतं, कुणासाठी निव्वळ सौंदर्य, आणि मालार्मेच्या बाबतीत तर जवळजवळ एक रिकामी पोकळी.

या श्रद्धेचं मूळ कागदपत्र म्हणजे बोदलेरचं 'कॉरेस्पाँदाँस' हे सुनीत, १८५७ च्या 'ले फ्लर द्यू माल' या संग्रहातलं. (याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, सहा कविता काढायला लावल्या, आणि फ्रान्समध्ये ती बंदी उठायला १९४९ उजाडलं.) त्यात निसर्ग हे एक देऊळ आहे, त्याचे खांब जिवंत आहेत, ते मधूनच काहीतरी अस्पष्ट पुटपुटतात, आणि माणूस प्रतीकांच्या जंगलातून जातो तेव्हा ती प्रतीकंच त्याच्याकडे ओळखीच्या नजरेने बघतात. ही शेवटची गोष्ट नीट वाचा. आपण प्रतीकाचा अर्थ लावत नाही आहोत, प्रतीक आपल्याकडे बघतंय. मग पुढे तो म्हणतो की वास, रंग आणि आवाज एकमेकांना साद-प्रतिसाद देतात, आणि लगेच उदाहरण देतो, काही सुगंध ओबो या वाद्यासारखे गोड असतात आणि कुरणासारखे हिरवे. वासाला आवाज आणि वासाला रंग! पुढच्या चाळीसेक वर्षांची तंत्रं या एका सुनीतातून निघालीत असं म्हटलं तरी चालेल.

वाचायला सुरुवात: पहिल्यांदा फक्त कान

पहिल्या वाचनात अर्थाकडे बघायचंच नाही. मोठ्याने वाचा. फ्रेंच येत नसेल तरी मूळ आवाज ऐका, आजकाल कुठल्याही प्रसिद्ध फ्रेंच कवितेचं रेकॉर्डिंग नेटवर मिळतं. व्हर्लेनची 'शांसाँ दोतॉन' म्हणजे शरदाचं गाणं, १८६६ च्या त्याच्या पहिल्या संग्रहातली कविता, यासाठी सगळ्यात चांगली. तिचं पहिलं कडवं साधारण असं ऐकू येतं:

ले सांग्लो लाँ
दे व्हियोलाँ
द लोतॉन
ब्लेस माँ कर
द्यून लाँगर
मोनोतॉन

अर्थ एवढाच की शरदातल्या व्हायोलिनचे लांबलचक हुंदके माझ्या हृदयाला एकसुरी मरगळीने जखम करतात. बस. मराठीत असं सरळ सांगितलं की काहीच उरत नाही ना? कारण कविता अर्थात नव्हतीच. आता ओळींची अक्षरं मोजा, चार, चार, तीन, पुन्हा चार, चार, तीन. प्रत्येक तिसरी ओळ एका अक्षराने आखूड पडते, म्हणजे दर वेळी श्वास जरा आधीच संपतो, दम लागल्यासारखा. त्यात 'ओ' आणि नाकातल्या 'आँ' सारख्या स्वरांचा भडिमार, जे व्हायोलिनवर एक गज सावकाश ओढावा तसे लांबत जातात. या कडव्यात एकही झाड नाही, पिवळं पान नाही, शरदाचं वर्णन म्हणून काहीच नाही (वाळलं पान येतं ते थेट शेवटच्या कडव्यात). तरी शरद अंगावर येतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली नॉर्मंडीच्या स्वारीआधी फ्रेंच प्रतिकार चळवळीला खुणेचा संदेश म्हणून बीबीसीने रेडिओवरून याच ओळी वाचल्या होत्या. म्हणजे त्या किती जणांच्या कानात बसल्या होत्या बघा.

दुसरं वाचन: नावं आणि परिणाम वेगळे करा

आता पेन्सिल घ्या. कवितेत भावनेचं नाव कुठे थेट घेतलंय तिथे एक खूण, आणि भावना नाव न घेता कुठे तयार होते तिथे दुसरी खूण. मालार्मेने १८६४ मध्ये, म्हणजे ऐन बावीस वर्षांचा असताना, आपल्या मित्राला पत्रात लिहिलं होतं की मला वस्तू रंगवायची नाही, ती जो परिणाम करते तो रंगवायचाय. आणि १८९१ च्या एका मुलाखतीत त्याने अजून पुढे जाऊन सांगितलं की एखाद्या वस्तूचं नाव घेतलं की कवितेचा तीन चतुर्थांश आनंद संपतो, कारण तो आनंद हळूहळू ओळखण्यात असतो. या दोन वाक्यांवर अख्खं तंत्र उभं आहे. तुमच्या खुणा बघितल्यात की लगेच कळतं, चांगल्या प्रतीकवादी कवितेत पहिल्या प्रकारच्या खुणा कमी आणि दुसऱ्या प्रकारच्या जास्त असतात. व्हर्लेन मात्र भावनेचं नाव घ्यायला फारसा कचरत नाही, तो ते संगीतात बुडवतो, हा त्याच्यातला आणि मालार्मेतला मोठा फरक.

तिसरं वाचन: काय नाहीये ते शोधा

हे मालार्मेसाठी खास. तो एखादी गोष्ट बोलावतो आणि त्याच ओळीत पुसून टाकतो. रिकामी खोली, न झालेली उड्डाणं, विझलेली आग, नसलेला मालक. त्याने एके ठिकाणी म्हटलंय की मी 'फूल' असं म्हणतो आणि जे उगवतं ते कुठल्याच गुच्छात नसलेलं फूल असतं. म्हणून त्याच्या कवितेत नकार मोजा, 'नाही', 'विना', 'रिकामं', 'नष्ट' असे शब्द अधोरेखित करा. तुम्हाला दिसेल की कवितेचा सांगाडाच तिथे आहे.

हे तिन्ही प्रकार सरावासाठी आधी मराठीत करून बघायचे असतील तर बालकवींची 'औदुंबर' घ्या. बालकवी काही या फ्रेंच चळवळीतले नव्हते, पण आठच ओळींची ती कविता या पद्धतीने वाचली की छान उघडते. निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट आणि मग काळा डोह, रंग हळूहळू गडद होत जातात, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला तो औदुंबर. त्या झाडाचा अर्थ काय यावर आपल्याकडे समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केलीय, विरक्ती म्हणा, मृत्यू म्हणा, काही म्हणा. माझं म्हणणं, आधी ती पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाताना पोटात जे होतं ते नीट अनुभवा, अर्थाचं नंतर बघू.

आता लिहायचं: एकच मनःस्थिती निवडा, विषय नको

'शेतकरी', 'आई', 'युद्ध' असले विषय घेऊन ही कविता लिहिता येत नाही, निदान सुरुवातीला तरी. एक मनःस्थिती घ्या, आणि तीही अगदी नेमकी. नुसतं 'दुःख' चालणार नाही. आपण इथे एक घेऊ, सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला येते ती उदासी, जिला काही कारण नसतं, झोप झालेली असते आणि संध्याकाळ अजून लांब असते. फ्रेंच कवींचा हा आवडता प्रदेश, बोदलेर याला 'स्प्लीन' म्हणायचा आणि त्या नावाच्या त्याच्या चार कविता पाठोपाठ आहेत.

बहुतेक जण पहिला ड्राफ्ट असा लिहितात:

दुपारी मला फार उदास वाटतं,
मन पिंजऱ्यातल्या पाखरासारखं तडफडतं,
आयुष्य म्हणजे एक रिकामं घर,
कुणीच येत नाही आता इथवर.

भावना खरी असेलही, पण यात मोरेआसच्या यादीतले निम्मे शत्रू हजर आहेत. भावनेचं नाव पहिल्याच ओळीत, उपमा वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि तिसऱ्या ओळीत तर चक्क सिद्धांत मांडलाय. 'आयुष्य म्हणजे' दिसलं की ती ओळ खोडायची, डोळे मिटून.

वस्तू गोळा करा

त्या मनःस्थितीत असताना आजूबाजूला जे जाणवतं त्याची यादी करा, आणि डोळ्यांवर अवलंबून राहू नका. बघा, दुपारी तीनला काय असतं: गच्चीवरची टाकी भरत असते त्याचा आवाज, जिन्यात आडवं पडलेलं ऊन, दाराची कडी, शेजारच्या टीव्हीचा न समजणारा बडबडाट, फोडणीचा शिळा वास. यातल्या फक्त तीन ठेवा. का तीन? कारण जास्त वस्तू आल्या की वर्णन होतं आणि वाचक खोली बघायला लागतो. मी टाकीचा आवाज, ऊन आणि कडी ठेवतो. टीव्ही काढला कारण तो लगेच 'आजकालच्या जीवनाबद्दल' बोलायला लागतो.

यात एक खबरदारी, आधीपासून ज्या वस्तूंना ठरलेला अर्थ चिकटलाय त्या टाळा. पणती, चातक, गुलाब, पिंजरा, रस्त्याचा फाटा. वाचकाच्या डोक्यात त्यांचं उत्तर तयार असतं आणि मग तो तुमची कविता ऐकतच नाही. टाकीत पडणाऱ्या पाण्याला असं ठरीव उत्तर नाही, म्हणून ते कामाचं.

इंद्रियांची अदलाबदल, पण एकदाच

आवाजाला रंग, रंगाला स्पर्श, वासाला आवाज. रँबोने 'व्हॉयेल' या सुनीतात फ्रेंच स्वरांनाच रंग दिले, ए (A) काळा, ई (E) पांढरा, आय (I) तांबडा, यू (U) हिरवा, ओ (O) निळा. मे १८७१ मध्ये, सतरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, त्याने एका पत्रात लिहिलं होतं की कवीने सगळ्या इंद्रियांची दीर्घकाळ, प्रचंड आणि विचारपूर्वक मोडतोड करून द्रष्टा व्हायचं असतं. यातला 'विचारपूर्वक' हा शब्द लोक सोयीस्कर विसरतात आणि मग काहीही कशालाही जोडतात. अदलाबदल पटायला हवी. दुपारच्या उन्हात पाण्याचा आवाज 'पिवळा' वाटू शकतो, कारण रंग तिथेच आसपास आहे. तोच आवाज 'जांभळा' म्हटला की नुसतं चमकवणं होतं. आणि आठ ओळींच्या कवितेत असा झटका एकदाच द्यावा, शक्यतो शेवटाकडे.

लय ठरवा, आणि ती थोडी लंगडी ठेवा

व्हर्लेनने १८७४ मध्ये बेल्जियममधल्या माँस इथल्या तुरुंगात 'आर पोएतिक' लिहिली (रँबोवर गोळी झाडल्यामुळे तो आत होता). कविता कशी लिहावी हे सांगणारी ही कविताच आहे, आणि तिचा पहिलाच आदेश, सगळ्यात आधी संगीत, आणि त्यासाठी विषम संख्येच्या ओळी पसंत करा. ती स्वतः नऊ अक्षरी ओळींत आहे. फ्रेंच कवितेचं नेहमीचं घर बाराअक्षरी, म्हणजे सम आणि भरभक्कम, त्यामुळे नऊ अक्षरी ओळ कानाला अधांतरी वाटते, कुठेच टेकत नाही. तोच आदेश पुढे चालू, रंग नको, फक्त छटा हव्यात, आणि वक्तृत्वाला धरून त्याची मान मुरगळा.

आपल्याकडे याचं काय करायचं? मात्रा मोजायच्या. आपल्या कानाला आठ-आठ, सोळा मात्रांची सवय फार, म्हणून एक मात्रा कमी केली की तोच अधांतरीपणा येतो. मी लांब ओळ पंधरा मात्रांची आणि आखूड ओळ सात मात्रांची धरली, आणि आखूड ओळींना यमक दिलं. असं झालं:

दूर कुठे टाकीत पाणी
पडत राही,
जिन्यावरती ऊन, त्याला
वास नाही.

कडीवरती हात कुणाचा,
कडीच गार.
पाणी पडतं, पाणी पडतं,
पिवळं, फार.

आता तपासू. 'उदास' शब्द कुठेच नाही. उन्हाला वास नाही, हा मालार्मेसारखा नकार, एक गोष्ट बोलावली आणि तिथेच काढून घेतली. कडीवर हात कुणाचा, तर कुणाचाच नाही, फक्त कडी गार. 'एकटेपणा' म्हणायची गरज उरली नाही. 'पिवळं' हे विशेषण पाण्याचं की आवाजाचं ते मुद्दाम सांगितलं नाही. आणि 'पाणी पडतं, पाणी पडतं' या ओळीत सोळा मात्रा होतात, एक वाढते, ती मी राहू दिली, कारण तिथे एकदाच लय पूर्ण भरते आणि कंटाळा गच्च होतो. पहिल्या कडव्यात 'राही' आणि दुसऱ्यात 'पडतं' असा भाषेचा पोत बदललाय, तोही राहू दे, पहिलं गाण्यासारखं लांबून येतं आणि दुसरं अगदी कानाशी. ही काही थोर कविता नाही, पण पहिल्या ड्राफ्टपासून ती किती लांब आलीय आणि कुठल्या पायऱ्यांनी आलीय ते दिसावं म्हणून इथे दिली.

खोडायचं काम

लिहून झालं की दोन-तीन दिवस ठेवून द्या आणि मग हे करा. प्रत्येक 'जसं', 'सारखं', 'जणू' काढून बघा, उपमा दोन गोष्टींच्या मध्ये एक भिंत ठेवते, ती काढली की त्या एकमेकींत मिसळतात. भाववाचक नामं म्हणजे वेदना, विरह, शांतता, अनंत, एकेक काढा आणि कविता मोडते का बघा, शक्यतो मोडत नाही. शेवटची ओळ स्पष्टीकरण देत असेल तर तीही काढा, मराठी कवितेत हा मोह फार, शेवटी एक टाळी घेणारी ओळ हवीच असं आपल्याला वाटतं, मुशायरे आणि कविसंमेलनांमुळे असेल कदाचित. प्रतीकवादी कविता टाळीवर संपत नाही.

आणि शीर्षक. 'उदास दुपार' असं नाव दिलंत की वरची सगळी मेहनत पाण्यात. शीर्षकच नको, किंवा मग 'तीन वाजता' इतपत.

कुठे थांबायचं: धूसर आणि गोंधळ यातला फरक

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या पद्धतीच्या नावाखाली भरपूर अर्थहीन लिखाण खपवलं जातं. व्हर्लेनने ज्या करड्या गाण्याची बाजू घेतली त्यात अस्पष्ट आणि नेमकं हे दोन्ही एकत्र येतं, नुसतं अस्पष्ट नाही. म्हणजे प्रत्येक वस्तू नेमकी हवी, वाक्य नेमकं हवं, आणि त्या वस्तूंमधलं नातं तेवढं उघडं ठेवायचं. वरच्या कवितेत टाकी टाकीच आहे, कडी कडीच आहे, धूसर आहे ते फक्त त्यांनी मिळून काय होतं ते. 'काळोखाच्या निळ्या शिट्टीवर अनंताचं जाळं' असं काही लिहिलं तर त्यात वस्तूही धूसर आणि नातंही धूसर, मग वाचकाला पकडायला काहीच नाही.

साधी चाचणी सांगतो. तीन जणांना कविता वाचून दाखवा आणि 'अर्थ काय' असं न विचारता 'ही दिवसाच्या कुठल्या वेळची आहे, गरम आहे की गार, माणसं किती आहेत' असं विचारा. तिघांची उत्तरं साधारण जुळली तर तुमची कविता धूसर आहे पण गोंधळलेली नाही. अजिबात जुळली नाहीत तर वस्तूंच्या यादीकडे परत जा. मालार्मेची गोष्ट चित्रकार देगाने अनुभवली होती, कवी पॉल व्हालेरीने ती सांगून ठेवलीय: देगा म्हणाला, माझ्याकडे कल्पना भरपूर आहेत तरी सुनीत काही जमत नाही, त्यावर मालार्मे म्हणाला, अहो, कविता कल्पनांनी होत नाही, शब्दांनी होते.

वाचनाचा क्रम

मालार्मेपासून सुरुवात करू नका, तिथे बरेच जण गळतात. आधी बोदलेर, 'कॉरेस्पाँदाँस' आणि ती चार 'स्प्लीन'. मग व्हर्लेनचा १८७४ चा 'रोमाँस साँ पारोल', म्हणजे शब्दांविना गाणी, त्यात शहरावर पाऊस पडतो तसं माझ्या हृदयात रडू येतं ही प्रसिद्ध कविता आहे. मग रँबोच्या 'इल्युमिनासियाँ' मधल्या गद्यकविता, त्या १८८६ मध्ये छापून आल्या आणि त्यातल्या 'मारीन' आणि 'मूव्हमाँ' या दोन तर फ्रेंच मुक्तछंदाची पहिली उदाहरणं मानल्या जातात. मग बेल्जियमचा मॉरिस मेटरलिंक, त्याचा १८८९ चा 'सेर शोद' हा संग्रह, काचेच्या उबदार घरात कोंडलेल्या रोपांची विचित्र, घुसमटलेली दुनिया, पुढे १९११ ला त्याला नोबेल मिळालं.

आणि मग मालार्मे. त्यातही पहिल्यांदा 'ब्रीज मारीन', ती बरीच सरळ आहे. नंतर १८७६ चं 'फॉन'चं (फॉन म्हणजे पुराणकथांतला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) दीर्घकाव्य, आणि ते वाचायच्या आधी देबुसीने त्यावरून केलेली १८९४ ची संगीतरचना हेडफोन लावून दोनदा ऐका, दहाएक मिनिटांची आहे, सुरुवातीला एकटी बासरी घसरत खाली येते तिथेच कळेल की कवितेत काय ऐकायचंय. सगळ्यात शेवटी १८९७ चं 'अँ कू द दे', फाशांची फेक, जिथे ओळी पानभर विखुरलेल्या आहेत, अक्षरं लहान-मोठी आहेत आणि कोरी जागाही कवितेचाच भाग आहे. ते फोनच्या छोट्या स्क्रीनवर अजिबात वाचू नका. समोरासमोरची दोन पानं एकत्र दिसतील अशी छापील प्रत किंवा मोठ्या स्क्रीनवरची पीडीएफ घ्या, कारण त्यातलं वाक्य डाव्या पानावरून थेट उजव्या पानावर उडी मारतं.